काळी पडलेली दुसरी बाटली

माझा उजवा खांदा आखडला नसता, तर पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीशी माझा काही संबंधच आला नसता.

पंचेचाळिशीत हे दुखणं लागलं. हात पुढे जायचा, वरही थोडाफार जायचा, मागे मात्र नेता यायचा नाही. वेणी घालायला नवऱ्याची मदत लागायची. तो मन लावून घालायचा, पण ती वेणी सुतळीच्या पिळासारखी दिसायची. डोंगरात तर आणखी पंचाईत. सॅकच्या बाजूच्या कप्प्यात पाण्याची बाटली असते, ती मागे हात घालून काढावी लागते. दर वेळी मी थांबायची, सॅक उतरवायची, पाणी प्यायची, सॅक पुन्हा चढवायची. चढवताना खांद्यातून कळ निघायची. मग मी पाणीच कमी प्यायला लागले आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं.

मी निघोज्याच्या एका कंपनीत स्टँडर्ड रूममध्ये काम करते. कारखान्यात माप घ्यायची जी साधनं असतात, ती बरोबर माप दाखवतात की नाही, हे आमच्याकडे तपासतात. एसी खोली, पायात वेगळ्या चपला, हातात सुती मोजे. वीस वर्षं हेच करत आले आहे. त्यामुळे कोणी म्हटलं, "हे असं असं आहे," की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "कशावरून?" घरात या प्रश्नाचा सगळ्यांना कंटाळा आलाय.

डोंगराचं वेड मला काकांनी लावलं. काका म्हणजे आमच्या टूलरूमचे फोरमन. निवृत्त होऊन पुनावळ्याला राहतात. कंपनीत होते तोवर मला "मॅडम" म्हणायचे, निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून "पोरी" म्हणायला लागले. माझा नवरा मूळचा लातूरचा, त्याला डोंगराची काही ओढ नाही. पण थेरगावातल्या फ्लॅटमध्ये रविवारी एकट्यानं बसून करायचं काय, म्हणून तो येतो.

पाण्याची पिशवी त्यानंच शोधून आणली. दोन लिटरची, जाड प्लास्टिकची, सॅकच्या आत पाठीला चिकटून बसणारी. तिच्यातून निघालेली नळी खांद्यावरून छातीशी येते. टोकाला रबराची चोखणी. दातांनी हलकं दाबून ओढलं की पाणी येतं. हात मागे न्यायची गरजच नाही. ट्रेकवाले तिला ब्लॅडर म्हणतात. पहिल्या दिवशी धुऊन हँगरला लावून मी ती बाल्कनीत वाळत टाकली. शेजारच्या वहिनींनी ती पाहिली. संध्याकाळी दार वाजवून हळूच विचारलं, "घरात कोणाला सलाईन लावलंय का हो?"

त्या पिशवीनं माझे डोंगर मला परत दिले. मग काकांनी दोन दिवसांची चाल ठरवली. राजगुरुनगरच्या पुढे, भीमाशंकरच्या अलीकडे एक लांबलचक डोंगरधार आहे. एका बाजूनं चढायचं, वर एका वाडीत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या बाजूनं उतरायचं. दिवस मार्चचे होते. दोन दिवसांचं पाणी पाठीवर घेऊन चढणं माझ्या खांद्याला जमलं नसतं.

"वर कातळात टाकं आहे," काका म्हणाले. "मी तीस वर्षं पितोय ते पाणी. काय झालं मला?"

"कशावरून काही झालं नाही?" मी म्हटलं.

"जिवंत आहे ना तुझ्यासमोर!"

मला एकदा कावीळ होऊन गेली होती. दीड महिना अंथरुणात काढला होता. त्यामुळे टाक्याचं पाणी तसंच प्यायची माझी तयारी नव्हती. शोधाशोध केल्यावर नळीत बसणारा फिल्टर सापडला. वीतभरही लांब नाही, हातात मावेल एवढा. पिशवी आणि चोखणी यांच्या मधे बसवायचा. पिशवीत कच्चं पाणी भरायचं आणि चालता चालता ओढायचं. तोंडात येताना ते गाळून येणार.

फिल्टर घरी आला आणि आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. पारदर्शक नळकांड्यात शेवयांच्या जुडीसारखे पांढरे तंतू भरलेले होते. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की प्रत्येक तंतू आतून पोकळ आहे आणि त्याच्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आहेत. पाणी भिंतीतून आत शिरतं, जंतू बाहेर राहतात. माझ्या कामात मी मायक्रॉनच्या गोष्टी रोज करते, पण एवढी बारीक छिद्रं एका शेवईला कोण आणि कशी पाडत असेल, या विचारानं मी चहा उतू घालवला.

फिल्टर बसवायचा तर नळी कापावी लागत होती. तिथे माझा हात अडला. कापलेली नळी पुन्हा अखंड होत नाही. व्हर्नियरनं नळीचा आतला व्यास मोजला, फिल्टरच्या टोकाचा मोजला, दोनदा मोजला. नवरा सोफ्यावरून बघत होता.

"काय करलालीस गं? नळीच कापायचीय, पोट न्हाई."

कापली. फिल्टरवर बाण होता, त्याचं तोंड चोखणीकडे केलं. गरम पाण्यात टोक बुडवून नळी चढवली. ओढून पाहिलं, तर काहीच नाही. गाल आत गेले, कानशिलं दुखली, पाणी येईना. कागद पुन्हा वाचला. आत हवा अडकली होती. या तंतूंची गंमत अशी, की एकदा ओले झाले की त्यांतून पाणी जातं, पण हवा जात नाही. फिल्टर उलटा धरून टिचक्या मारल्या, पिशवी थोडी दाबली, बुडबुडे निघून गेले आणि मग पाणी आलं. कागदावर पुढे असंही होतं, की ओल्या फिल्टरमधून फुंकलेली हवा आरपार गेली, तर आत कुठेतरी तंतू फुटलाय असं समजायचं. ही खूण मला फार आवडली. तपासणीचं साधन आपली तपासणी स्वतःच सांगतंय, असं क्वचितच मिळतं.

मग प्रयोग सुरू झाले. मिठाचं पाणी घालून ओढलं. खारटच आलं. कोरा चहा गार करून घातला. तळाचा गढूळपणा गेला, पण बाहेर आला तो चहाच. काका त्या दिवशी आमच्याकडे आले होते. त्यांनी पेल्यातला गाळलेला चहा उजेडात धरून पाहिला.

"म्हणजे विरघळलेलं काही हा अडवत नाही," ते म्हणाले.

"नाही. जंतू अडवतो, माती अडवते. रसायन सरळ आत."

"मग आपल्या खालच्या नदीला याचा काही उपयोग नाही." काकांनी पेला खाली ठेवला. सगळी हयात कारखान्यात काढलेला माणूस. त्यांच्या मनात काय आलं असेल ते मी विचारलं नाही. "वर डोंगरात चालेल. वर कोण काय सोडणार पाण्यात? गुरंच जातात फक्त."

खारट पाण्याची आणि चहाची खात्री झाली, पण जंतूंची कशी करायची? ते जिभेला कळत नाहीत. माझी नणंद गावाकडे आरोग्यसेविका आहे. तिच्याकडून पाणी तपासायच्या चार छोट्या बाटल्या मागवल्या. बाटलीत आधीपासून थोडं औषध वाळवलेलं असतं. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि दोन-तीन दिवस उबेत ठेवायचं. पाणी पिवळसर राहिलं तर बरं, काळं पडलं तर त्यात पोट बिघडवणारी घाण असणार. नणंद फोनवर म्हणाली, "वैनी, ट्रेकला लोक चिवडा नेतात."

निघण्याआधी मी आणखी एक काम केलं. आमच्या कंपनीत नापास माल लाल ट्रेमध्ये आणि पास झालेला हिरव्या ट्रेमध्ये ठेवतात. तसं मी नळीवर फिल्टरच्या पिशवीकडच्या बाजूला लाल पट्टी चिकटवली आणि चोखणीकडच्या बाजूला हिरवी. एकदा कच्चं पाणी भरलं, की पिशवी, तिचं झाकण, अर्धी नळी हे सगळं नापास. फक्त हिरव्या पट्टीच्या पुढचं तोंडात घ्यायचं. हे मी नवऱ्याला दोनदा समजावून सांगितलं. त्यानं दोन्ही वेळा "हां" म्हटलं.

शनिवारी सकाळी पायथ्याच्या गावात नळाचं पाणी भरून आम्ही चढायला लागलो. ऊन चढेपर्यंत चाल सुखाची झाली. एकच्या सुमाराला माथ्यावर पोचलो तेव्हा तिघांचंही पाणी संपलं होतं. टाकं तिथेच होतं. कातळात खोदलेलं, चौकोनी, चार पायऱ्या उतरून जावं लागणारं. पाणी हिरवं होतं. वर लांब पायांचे पाणकिडे पळत होते आणि कडेला शेळ्यांच्या लेंड्या पडल्या होत्या. मी पायरीवर बसून डाव्या हातानं पिशवी पाण्यात बुडवली. उजवा हात तेवढा खाली जात नव्हता. पिशवी भरायला बराच वेळ लागला. नवऱ्यानं माझा फोटो काढला. काकांनी ओंजळ भरून तोंड धुतलं आणि तशीच एक ओंजळ प्याले, माझ्याकडे बघत, मुद्दाम.

पहिली बाटली मी सरळ टाक्यातून भरली. दुसरी चोखणीतून ओढून, दाबून, थेंब थेंब सोडून भरली. दोन्हींवर पट्ट्या लावल्या आणि रुमालात गुंडाळल्या. मग पोटभर पाणी प्याले. हिरवेपणा गेला होता. प्लास्टिकचा किंचित वास होता, बाकी पाणी गार आणि चांगलं लागलं. एवढ्या हिरव्या पाण्यातून हे आलं, याचं मला राहून राहून नवल वाटत होतं.

मी वर येऊन झाडाखाली आडवी झाले. दहा मिनिटं डोळा लागला असेल. उठले तेव्हा नवरा आणि काका पेल्यातून लिंबू सरबत पीत होते.

"पाणी कुठून घेतलंस?" मी विचारलं.

"तुझ्या पिशवीतून. गाळलेलंच हाय की."

त्यानं पिशवीचं झाकण उघडून वरूनच ओतून घेतलं होतं.

बोलून पोटातलं पाणी परत येणार नव्हतं. काका मात्र हसून हसून खोकायला लागले. "मी तर आधीच प्यालोय," ते म्हणाले, "पण जावईबापू, तुम्ही आज डोंगराचे झालात."

दुपारनंतर माझ्या नळीतून पाणी येईनासं झालं. आधी धार बारीक झाली, मग चार-चार वेळा ओढावं लागलं, मग नुसते गाल दुखायला लागले. टाक्यातला बारीक गाळ तंतूंवर बसला होता. वाडी गाठेपर्यंत जीभ टाळ्याला चिकटली.

वाडी म्हणजे सहा घरं. काकांच्या ओळखीचं एक घर होतं. तिथे साठीच्या पुढची एक बाई एकटीच होती, मुलगा-सून चाकणला कामाला. काका तिला मावशी म्हणत होते, म्हणून आम्हीही मावशी म्हणायला लागलो. तिनं आधी तांब्याभर पाणी समोर ठेवलं. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. तिच्या ते लक्षात आलं.

"पी की. टाक्याचं न्हाई त्ये. टाक्याचं आमी गुरांस्नी पाजतो."

काकांचं तोंड बघण्यासारखं झालं. तीस वर्षं!

मी तहानेनं कासावीस होते, तरी पिशवी काढून दाखवली, फिल्टर दाखवला, असं असं आहे म्हणून सांगितलं. मावशीनं नळी हातात घेतली, चोखणी दाबून पाहिली.

"वासरावानी चोखायचं व्हय?"

"हो."

"आन् मग आता का येईना?"

"गाळ बसलाय आत."

ती उठली. घरातून एक जुनं लुगडं आणलं, त्याचा पदर चार पदरी केला. "आदी ह्यातून घालायचं. दोन येळा. लई गढूळ आसल तर निवळीच्या झाडाची बी उगाळून घालायची पान्यात, रातभर तसंच ठिवायचं. गाळ खाली बसतो. वरचं अल्लाद काढून घ्यायचं." कोनाड्यातून तिनं एक बी काढून माझ्या तळहातावर ठेवली. सदऱ्याच्या बटणाएवढी, चपटी, राखी. मी ती इतका वेळ उलटीसुलटी करून बघत बसले की तिला हसू आलं. ही बी पाण्यात नेमकं काय करते, मातीचे कण एकमेकांना कसे चिकटवते, हे मी तिला विचारत होते. ती म्हणाली, "त्ये बियाला ठावं."

फिल्टर कसा धुवायचा ते मला माहीत होतं. उलट्या बाजूनं पाणी ढकलायचं. मावशीच्या तांब्यातलं पाणी चोखणीकडून दाबून घातलं, दुसऱ्या टोकातून तपकिरी घाण बाहेर आली. मग पिशवी अंगणातल्या आंब्याच्या फांदीला टांगली, चोखणी काढून ठेवली आणि नळी खाली सोडली. ओढायची गरजच पडली नाही. उंचीच्या जोरावर पाणी आपलं आपण बारीक धारेनं पातेल्यात पडायला लागलं. नवरा धारेकडे बघत म्हणाला, "हे दुपारी का न्हाई सुचलं?" मी म्हटलं, "दुपारी मी झोपले होते."

जेवायच्या आधी मी तिसरी बाटली मावशीच्या हंड्यातल्या पाण्यानं भरली, तिला विचारून. तिनं हंड्यात मला हात घालू दिला नाही. लांब दांड्याचं ओगराळं होतं, त्यानं स्वतः पाणी काढून बाटलीत ओतलं.

"काळं पडलं तर सांग," ती म्हणाली. आवाजात काळजी नव्हती, कुतूहल होतं.

रविवारी उतरलो. जीपमध्ये बसल्यावर रुमाल सोडला. पहिली बाटली शाईसारखी काळी झाली होती. तिघांनीही ती हातात घेऊन पाहिली. काकांनी लगेच परत दिली. दुसरी आणि तिसरी पिवळसर होत्या. मला फार बरं वाटलं. सोमवारी सकाळी मी त्या देवघराशेजारच्या फळीवर ठेवून कंपनीत गेले.

संध्याकाळी आले तर नवरा पोट धरून पडला होता. आणि फळीवरची दुसरी बाटली काळी पडली होती.

दुसरी म्हणजे गाळलेल्या पाण्याची. तिसरी, मावशीच्या हंड्यातली, तशीच पिवळी.

मी नवऱ्याला मीठ-साखरेचं पाणी करून दिलं, डॉक्टरकडे नेऊन आणलं आणि पुन्हा येऊन त्या फळीसमोर उभी राहिले. तो अंथरुणातून म्हणाला, "मला बी त्या काळ्या बाटल्यांतच धर." मी त्याच्या कपाळावर हात ठेवला, पण डोळे बाटलीवरच होते. याबद्दल त्यानं मला नंतर बरंच ऐकवलं.

काकांना फोन केला. ते ठणठणीत होते. ते ओंजळही प्याले होते आणि सरबतही. मी दुसऱ्या बाटलीत भरलं तेच पाणी पोटभर प्याले होते, मलाही काही झालं नव्हतं. तीन माणसांच्या पोटांवरून काही ठरवता येत नाही, एवढं मला माझ्या कामानं शिकवलंय. नवऱ्यानं पायथ्याला दोन प्लेट भजी खाल्ली होती, तेही होतंच. पण बाटली खोटं बोलत नव्हती. गाळलेल्या पाण्यात घाण होती.

पहिला संशय फिल्टरवर. तो ओला होताच. चोखणी काढून जोरात फुंकलं. हवा गेली नाही. पुन्हा फुंकलं, कान बंद झाले, पण एक बुडबुडा निघाला नाही. म्हणजे तंतू शाबूत होते. बाणाची दिशा पाहिली, बरोबर होती. जोड पाहिले, कुठे गळत नव्हतं. मग घाण फिल्टरच्या पुढे कुठेतरी शिरली असणार, हिरव्या पट्टीच्या बाजूला. पण कशी?

त्या रात्री नवऱ्याला झोप लागेना, म्हणून तो मोबाईलवर ट्रेकचे फोटो बघत पडला होता. मी शेजारी बसले होते. टाक्यावरचा फोटो आला. मी पायरीवर वाकलेली, डाव्या हातात पिशवी, चेहरा मोठा आनंदी. मी म्हटलं, "थांब. मोठा कर." त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. माझ्या गुडघ्यावरून नळी लोंबत होती आणि तिचं टोक, हिरव्या पट्टीसकट, हिरव्या पाण्यात तरंगत होतं.

पिशवी भरत होती तेवढा वेळ चोखणी टाक्यात डुंबत होती. मी पट्ट्या लावल्या, दोनदा समजावून सांगितलं, आणि स्वतःच नापास पाणी पास झालेल्या बाजूला लावून घेतलं. नवऱ्यानं निदान झाकण उघडून उघड उघड चूक केली होती. माझी मला दिसलीसुद्धा नव्हती.

तो आजारी असूनही उठून बसला. "म्हणजे तू बी प्यालीस!" एवढा आनंद त्याला औषधानं झाला नव्हता.

माझ्याकडे एक बाटली उरली होती, आणि पिशवीच्या तळाशी टाक्याचं अर्धा लिटर पाणी अजून होतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. चोखणी आणि पुढची नळी काढून ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवून ठेवली, मग उकळून गार केलेल्या पाण्यानं खळखळून धुतली. हात साबणानं धुतले. पिशवी स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगली. सुरुवातीचं पेलाभर पाणी सोडून दिलं आणि मग चौथी बाटली भरली, नळीचं टोक बाटलीला न लावता. तीन दिवस वाट पाहिली. रोज सकाळी उठल्यावर आणि कंपनीतून आल्यावर बघायची. शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "कसलं व्रत आहे हो हे?"

चौथी बाटली पिवळीच राहिली.

मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. तेच टाकं, तोच फिल्टर, तेच हिरवं पाणी. एकट्या चौथ्या बाटलीवर माझ्या खोलीत कोणी प्रमाणपत्र देणार नाही, हे मला कळत होतं, तरीही.

पण माझं मन राहून राहून तिसऱ्या बाटलीकडे जात होतं. मावशीकडे फिल्टर नव्हता, ब्लीच नव्हतं, पट्ट्या नव्हत्या. तिचं पाणी पहिल्या फटक्यात पास झालं होतं. तीन आठवड्यांनी काकांना घेऊन मी पुन्हा वाडीवर गेले. नवरा म्हणाला, "मी न्हाई येत, माझं पोट आत्ताच घरी आलंय."

मावशीला बाटली दाखवली. तिनं उजेडात धरली, हलवली, परत दिली.

"काळं न्हाई पडलं?"

"नाही. मावशी, हे पाणी तुम्ही आणता कुठून?"

"चल, दावते."

घरामागून ओढ्याच्या कोरड्या पात्रातून वर चढलो. काका धापा टाकत मागून येत होते. वळणावर एका मोठ्या धोंड्याच्या सावलीत वाळूत खड्डा होता, गुडघाभर खोल, भोवती दगड रचलेले, वर फरशी आणि काट्यांची फांदी. मावशीनं चपला लांबच काढल्या. आम्हालाही काढायला लावल्या. फांदी बाजूला केली, फरशी सरकवली. तळाशी ओंजळभर पाणी होतं, इतकं नितळ की खालची वाळू दाणा न् दाणा दिसत होती.

"ह्यो झिरा. आमच्या सासूनं दावला मला. हात घालायचा न्हाई, भांडं बुडवायचं न्हाई. ओगराळ्यानं काढायचं आन् हंड्यात टाकायचं. संपलं की बसून ऱ्हायाचं. येतं परत."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात वरनं समदं वाहून येतं ह्यात. तवा उकळतो. आमास्नी बी कळतं की."

तिनं तळाचं पाणी काढून हंड्यात ओतलं. खड्डा रिकामा झाला. आम्ही तिघं दगडांवर बसलो. मी वाकून बघत होते. आधी वाळू नुसती ओली चमकली. मग एका बाजूनं, धोंड्याच्या बुडातून, पाणी यायला लागलं. येताना दिसत नव्हतं. थोड्या वेळानं बघितलं की आधीपेक्षा जास्त असायचं, एवढंच. काकांनी घड्याळ काढून वेळ लावली.

"मावशी," मी म्हटलं, "मार्च संपत आला. वर सगळा कातळ. एवढं पाणी येतं तरी कुठून?"

तिनं ओगराळं मांडीवर ठेवलं आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला बघितलं. तिथे करवंदीची गच्च जाळी होती आणि तिच्या मागे कडा.

"चाळीस वर्सं झाली," ती म्हणाली, "मी बी कदी वर जाऊन बगितलं न्हाई."

हंडा भरायला अजून वेळ होता. तिनं खड्ड्यावर फरशी ओढली, फांदी ठेवली, पदर खोचला आणि जाळीत शिरली. मी तिच्या मागे निघाले. काका खालून ओरडले, "अगं, वाट आहे का तिकडे?"

"बगू की," मावशी म्हणाली.